भीमेपलीकडचा रुग्ण आणि सोलापूरचा दवाखाना: भाषा, कागद आणि योजना यांचे काय करावे?

सीनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी मावशी भीमेपलीकडे इंडी तालुक्यातल्या एका गावात राहते. तिचे वय 61 आहे. गाव कर्नाटकात असल्यामुळे तिचे रेशन कार्ड, आधारवरचा पत्ता आणि जमिनीचा उतारा हे सगळे विजापूर जिल्ह्याचे आहे. मात्र त्या घरचा बाजार, लग्नाचा बस्ता आणि दवाखाना पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरलाच होत आला. आजोबांच्या काळी यात कोणाला काही वावगे वाटत नसे, कारण 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत विजापूर आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते.

मावशीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या दिवाळीनंतर ती आमच्याकडे राहायला आली आणि जिना चढताना थांबू लागली. मी तिला एका दवाखान्यात नेले. तिला कन्नडशिवाय दुसरी भाषा बोलता येत नाही. माझी आई कन्नड बोलत असे, पण माझे शिक्षण मराठीत झाल्यामुळे माझे कन्नड घरगुती कामापुरतेच उरले आहे. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मावशी म्हणाली, "एद्याग संकट आगतद." मी ते मराठीत सांगितले, "हिच्या मनावर काहीतरी संकट आहे, छातीत दडपण येते म्हणते." डॉक्टरांनी घरची परिस्थिती विचारली. मुलगा पुण्यात असतो, सून बोलत नाही, असे मीच सांगितले. तेव्हा त्यांनी काळजीमुळे होत असावे असे म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पाच आठवड्यांनी दुसरीकडे ईसीजी काढला, पुढे अँजिओग्राफी झाली आणि हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झाल्याचे निघाले. कन्नडमध्ये "संकट" हा शब्द शरीराच्या त्रासालाही वापरतात, हे मला त्यानंतर माझ्या मामेबहिणीने सांगितले. ती चूक माझ्या तोंडून झाली, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

याच काळात आणखी एक प्रकार घडला. गावाकडच्या डॉक्टरांची फाइल कन्नडमध्ये आहे आणि ती इथे कोणी वाचली नाही. इथल्या डॉक्टरांनी शुगरची नवी गोळी सुरू केली आणि मावशी जुनी गोळीही घेत राहिली. एका पहाटे ती घामाने चिंब होऊन बरळू लागली. नशिबाने शेजारच्यांनी साखरेचे पाणी पाजण्याची बुद्धी दाखवली.

आता स्टेंट किंवा बायपास यांपैकी एक निर्णय घ्यायचा आहे. रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर सांगितले की कार्ड कर्नाटकचे आहे, म्हणून महाराष्ट्राची योजना लागू होणार नाही. विजापूरला न्यावे तर तिथे तिच्याजवळ राहायला कोणी नाही. माझे प्रश्न तीन आहेत. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली भाषेची दरी घरच्या माणसांनी कशी भरून काढावी? दोन राज्यांतले कागद एकत्र कसे ठेवावेत? आणि योजनेच्या बाबतीत खरोखरच काही मार्ग नाही का? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

---

निवृत्त परिचारिका

मी तीस वर्षे सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत काढली आणि त्यातली बहुतेक सोलापुरातच. सर्वप्रथम एवढेच सांगते की स्वतःला दोष देऊ नका. ओळखीचा वाटणारा शब्दच जास्त फसवतो. जो शब्द मुळीच कळत नाही, त्याचा अर्थ माणूस विचारतो. "संकट" हा शब्द आपल्याला कळला असे वाटते, म्हणून आपण तो विचारत नाही. कन्नडमधल्या "उरि" या शब्दानेही असाच घोटाळा होतो. त्याचा अर्थ जळजळ, आणि सीमाभागात ताप आला तरी लोक हाच शब्द वापरतात. एकदा एक आजी पायांना "उरि" होते म्हणून सांगत होत्या आणि नवा डॉक्टर "ऊर" समजून त्यांची छाती तपासत बसला होता. त्यांचा त्रास मधुमेहामुळे होणाऱ्या पायांच्या जळजळीचा होता.

आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा वॉर्डात एकाच वेळी ऐकू येतात. जुन्या सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय यांना त्या कामापुरत्या येतात, आणि रुग्णालय खरे तर त्यांच्याच जिभेवर चालते. डॉक्टरांचे तसे नसते. शासकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे रात्री बारा वाजता आपल्या रुग्णाला पाहणारा निवासी डॉक्टर राजस्थानचा किंवा केरळचा असू शकतो. मग कन्नडचे मराठी आणि मराठीचे हिंदी होते, आणि त्याच्या मनात त्याचे इंग्रजी होऊन केसपेपरवर उतरते. चार हातांतून गेलेल्या दुधाइतकेच पाणी त्यात मिसळलेले असते.

घरच्यांनी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. रुग्णाचे बोलणे समजावून सांगू नका, जसेच्या तसे सांगा. "मनावर संकट आहे" असा अर्थ लावून सांगण्याऐवजी "ती संकट हा शब्द वापरते आहे, हात छातीच्या मधोमध ठेवते आहे आणि जिना चढल्यावर असे होते" एवढे सांगितले असते तर डॉक्टरांना पुढचे विचारता आले असते. दवाखान्यात जाण्यापूर्वी मावशींकडून चार गोष्टी काढून घ्या आणि कागदावर लिहा: कुठे दुखते, केव्हा सुरू होते, किती वेळ टिकते आणि कशाने थांबते. हात कुठे ठेवते ते बघा, कारण हाताला भाषा लागत नाही. आणि डॉक्टरांनी जे सांगितले ते मावशींना त्यांच्याच शब्दांत पुन्हा म्हणायला सांगा. मान हलवली म्हणजे कळले, असे कधीही धरू नका. आपल्याकडच्या बायका डॉक्टरांचा मान राखायचा म्हणूनही मान हलवतात.

दुभाषी म्हणून कोणाला न्यावे, हेही महत्त्वाचे आहे. मुलगा समोर उभा असताना आई अंगावरून जाते हे सांगत नाही, आणि सून असेल तर भूक लागत नाही हेही सांगत नाही. मी अशा कितीतरी बायका पाहिल्या, ज्यांनी केवळ बोलायला योग्य माणूस नव्हते म्हणून दुखणे वर्षभर अंगावर काढले आणि मग गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग घेऊन आल्या. शक्य असेल तर घराबाहेरची, तिच्याच वयाची, दोन्ही भाषा जाणणारी बाई शोधा. सोलापूरच्या बाळीवेशीत किंवा अक्कलकोटकडच्या पाहुण्यांत अशी बाई सहज मिळेल.

---

पूर्वभाग

वरच्या ताईंचे म्हणणे मी आमच्या घरच्या अनुभवाने पुढे नेतो. आम्ही पद्मशाली आहोत. आमचे पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आले आणि आज पाचव्या पिढीतही घरात तेलुगूच बोलली जाते. माझी आजी चाळीस वर्षे विड्या वळत होती. तिला भोवळ येऊ लागली तेव्हा तिच्यासोबत दवाखान्यात जायला घरात माझ्याशिवाय कोणी मोकळे नव्हते, कारण वडील यंत्रमागावर पहिल्या पाळीला असत. मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो. आजी म्हणाली, "कळ्ळु तिरुगुतुन्नायि." तेलुगूत याचा अर्थ चक्कर येते, पण शब्दशः पाहिले तर डोळे फिरतात असे होते. मी शाळेतला हुशार मुलगा होतो, म्हणून मी शब्दाला शब्द ठेवून "डोळे फिरतात" असेच सांगितले. मराठीत डोळे फिरणे म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला आधी डोळ्यांच्या विभागात पाठवले, नंतर फिट येते का म्हणून विचारपूस झाली, आणि तिसऱ्या खेपेला एका सिस्टरने तिच्या पापणीचा आतला भाग पाहून रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास निघाले. त्या तीन खेपांत आजीची तीन दिवसांची विड्यांची मजुरी बुडाली होती.

म्हणून "जसेच्या तसे सांगा" या सल्ल्याला मी एक जोड देतो. मूळ शब्द जसाच्या तसा सांगावा, पण तो त्याच भाषेत सांगावा आणि त्याचा आपल्या भाषेत शब्दाला शब्द ठेवून अनुवाद करू नये. मी "तेलुगूत असे म्हणते, पण मराठीत नक्की काय म्हणतात ते मला ठाऊक नाही" असे म्हणालो असतो तर ते पुरेसे झाले असते. आणि लहान मुलाला दुभाषी म्हणून पाठवू नये. चूक झाली की ते ओझे त्याच्याकडे आयुष्यभर राहते. सीनाकाठ, तुमची व्यथा मला त्यामुळेच कळते.

---

माजी आरोग्यमित्र

मी काही वर्षे रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर काम केले आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना ही महाराष्ट्र शासनाची आहे. 2012 मध्ये ती आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. 2023 मध्ये शासनाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली केली आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेले. पण त्यासाठी रेशन कार्ड किंवा अधिवासाचा दाखला महाराष्ट्राचाच लागतो. खिडकीवरच्या माणसाने तुम्हाला चुकीचे सांगितले नाही, पण अर्धेच सांगितले.

राहिलेले अर्धे असे आहे. केंद्राची प्रधानमंत्री जनआरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. तिच्या लाभार्थ्याला देशातल्या कोणत्याही अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयात, म्हणजे दुसऱ्या राज्यातही, उपचार मिळू शकतात. कर्नाटकात ही योजना आणि राज्याची योजना एकत्र करून "आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक" या नावाने राबवली जाते. सगळा घोळ या एकत्र नावामुळे होतो. मावशींच्या कुटुंबाचे नाव केंद्राच्या पात्र यादीत असेल तर सोलापुरातल्या अंगीकृत रुग्णालयात त्यांचे काम होऊ शकते. नाव केवळ राज्याने वाढवलेल्या यादीत असेल तर ते होणार नाही. म्हणून खिडकीवर "कर्नाटकचे कार्ड चालते का" असे विचारू नका. "या कार्डावर आयुष्मान भारतची पात्रता आहे का, ते संगणकावर तपासून सांगा" असे विचारा. पहिल्या प्रश्नाला सवयीने नकार मिळतो, दुसऱ्यासाठी त्यांना खरोखर तपासावे लागते. मावशींच्या घरात कोणाचे वय 70 पूर्ण असेल तर तेही कळवा, कारण ऑक्टोबर 2024 पासून त्या वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, केंद्राच्या योजनेत घेतले आहे. मावशींना मात्र त्याचा उपयोग नाही.

तिथेही पात्रता निघाली नाही तर कर्नाटकातच उपचार करावे लागतील. तेथे तातडीची वेळ सोडल्यास मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. इंडीच्या तालुका रुग्णालयातून ते आत्ताच घेऊन ठेवा, नंतर धावपळ होते.

865 गावांबद्दलची बातमी आपण वाचली असेल, म्हणून तेही स्पष्ट करतो. कर्नाटकातल्या ज्या गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या लोकांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने 2023 मध्ये घेतला आणि कर्नाटक सरकारने त्यास तीव्र आक्षेप घेतला. ही गावे बेळगाव, कारवार, बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतली आहेत. मावशींचे गाव विजापूर जिल्ह्यात असल्यामुळे ते त्यांत बसत नाही. मला स्वतःला हे खटकते. ज्या गावावर दावा आहे तिथल्या रुग्णाला योजना मिळते, आणि ज्या गावाचा रुग्ण रोजच्या व्यवहारात सोलापूरचाच आहे त्याला मिळत नाही. दावा कोणाचा आहे याऐवजी रुग्ण कुठे जातो हे पाहून दोन्ही राज्यांनी आपसांत हिशेब मिटवायला हवा. युरोपीय संघातल्या देशांनी 2011 च्या निर्देशानुसार हे बऱ्याच अंशी केले आहे. तिथला रुग्ण शेजारच्या देशात उपचार घेऊ शकतो आणि त्याच्या स्वतःच्या देशात जेवढा खर्च मान्य झाला असता तेवढा त्याला परत मिळतो.

हे न केल्याने काय होते, ते 2020 च्या टाळेबंदीत दिसले. केरळातल्या कासरगोडचे रुग्ण आपल्या मावशींसारखेच पूर्वापार शेजारच्या राज्यातल्या मंगळूरला जात. कर्नाटकाने रस्ते अडवले, रुग्णवाहिका हद्दीवरून परत पाठवल्या गेल्या आणि काही रुग्ण दगावले. शेवटी 1 एप्रिल 2020 रोजी केरळच्या उच्च न्यायालयाला रस्ता मोकळा करण्याचा आदेश द्यावा लागला.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. जिवावरची वेळ आली तर कार्ड कोणत्या राज्याचे, हा प्रश्नच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा असतो आणि बाकीच्या औपचारिकता नंतर करायच्या असतात. मावशींच्या छातीत पुन्हा त्रास झाला तर योजनेची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्या.

---

मँचेस्टरहून

मी मूळचा सोलापूरचा आहे आणि अकरा वर्षांपासून ब्रिटनमध्ये राहतो. देशाची सीमा ओलांडली की हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते, म्हणून लिहितो.

वडील पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांची शुगर तपासली आणि यंत्रावर 10 आकडा आला. वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला, कारण सोलापुरात त्यांना 70 च्या खाली गेले की धोका असे शिकवलेले होते. इथे रक्तातली साखर वेगळ्या एककात मोजतात. त्या आकड्याला 18 ने गुणले की आपला आकडा मिळतो, म्हणजे इथले 10 म्हणजे आपले 180. तीन महिन्यांच्या सरासरीचेही तसेच आहे. आपल्याकडे 7 टक्के म्हणतात, तेच इथल्या कागदावर 53 असे छापलेले असते. ते परत गेले तेव्हा मी इथल्या प्रत्येक आकड्यापुढे हाताने आपला आकडा लिहून दिला. तो कागद सोलापुरातल्या डॉक्टरांनी फाइलच्या वरच लावून ठेवला आहे. औषधांची नावेही बदलतात. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत दुसऱ्याच नावाने ओळखतात, आणि दम्याच्या पंपातल्या सालब्युटामॉलचेही तसेच आहे.

भाषेविषयी इथली एक पद्धत मला मनापासून आवडली. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर दुभाषी विनामूल्य दिला जातो आणि अनेकदा तो फोनवर असतो. घरच्या माणसाने दुभाषी होऊ नये, असेच मार्गदर्शन तिथल्या कर्मचाऱ्यांना दिलेले आहे. वडिलांसाठी मी सोबत होतो तरी त्यांनी फोनवर मराठी बोलणारी बाई मिळवली. मी जे कधीच विचारले नसते, ते तिने डॉक्टरांच्या वतीने विचारले, आणि वडिलांनी माझ्यापासून चार वर्षे लपवलेली लघवीची तक्रार सांगून टाकली.

आहाराच्या बाबतीत मात्र इथेही सीमा आडवी आली. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या तक्त्यात पाव होता, भात होता, बटाटा होता, पण ज्वारीची भाकरी नव्हती आणि शेंगाचटणीही नव्हती. साठ वर्षे दोन वेळा भाकरी खाल्लेल्या माणसाला त्या कागदाचा काहीच उपयोग नव्हता. मी भाकरी वजनकाट्यावर ठेवून त्यांना दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी हिशेब मांडला. वजनाचा निकषही आपल्यासाठी वेगळा आहे. सर्वसाधारण तक्त्यात 25 बीएमआयपर्यंत (उंचीच्या मानाने वजनाचे माप) वजन ठीक मानतात, पण आपल्या लोकांच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते म्हणून भारतीयांसाठी 23 पासूनच सावध व्हायला सांगतात.

ज्यांचे आईवडील परदेशी जाणार आहेत त्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. ब्रिटनमध्ये पाहुण्यांना तातडीच्या विभागातले प्राथमिक उपचार विनामूल्य मिळतात, पण दाखल करून घेतले की बिल येते, आणि ते ठरलेल्या दराच्या दीडपट असते. म्हणून विमा घेताना जुना मधुमेह लपवू नये. दुसरे म्हणजे दुबईमार्गे जाताना औषधे आणि फराळ दोन्ही तपासावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक यांच्यावर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे, तर खसखस तिथे पूर्ण बंद आहे. त्यामुळे त्या दिवाळीला आईने माझ्यासाठी अनारसे प्रथमच खसखशीशिवाय केले.

---

एक फिजिशियन

चर्चा वाचली. दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून आधी ते पाहतो.

सीनाकाठ, तुमच्या मावशींना पहाटे जे झाले ते शुगर एकदम उतरल्यामुळे झाले. बहुधा दोन्ही पाकिटांत एकच औषध असेल. शुगर कमी करणारे ग्लिमेपिराइड आपल्या देशात अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी विकले जाते. गावाकडच्या डॉक्टरांनी एक नाव लिहिले, इथल्यांनी दुसरे, आणि रुग्णाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोळ्या झाल्या. सुदैवाने पाकिटावर मूळ औषधाचे नाव छापणे बंधनकारक आहे आणि ते कर्नाटकातल्या पाकिटावरही त्याच इंग्रजी अक्षरांत असते. चिठ्ठीवरचे कन्नड वाचता आले नाही तरी पाकीट वाचता येते. म्हणून माझ्या रुग्णांना मी एकच गोष्ट सांगतो. फाइल राहिली तरी चालेल, पण घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या रिकाम्या पाकिटांसकट एका पिशवीत घालून घेऊन या. दोन राज्यांतले कागद एकत्र ठेवण्यासाठी एका वहीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि सुरू केल्याची तारीख लिहा आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना तीच वही दाखवा. आयुष्मान भारत डिजिटल अभियानात मिळणारा 14 अंकी आभा क्रमांकही काढून घ्या. तो राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. पण त्याला जोडलेली कागदपत्रे सगळीकडे मिळतीलच असे धरून चालू नका, वही हवीच.

आता पहिल्या प्रश्नाविषयी. निवृत्त परिचारिका आणि पूर्वभाग यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. ही चूक भाषेची झाली असे तुम्ही सगळ्यांनी धरले आहे, आणि ते निम्मेच खरे आहे. साठीची, बारा वर्षे मधुमेह असलेली बाई जिना चढताना थांबते, एवढे कळल्यावर ती कोणत्या भाषेत काय म्हणते यावर ईसीजी अवलंबून राहायला नको होता. मधुमेहींमध्ये, आणि त्यातही स्त्रियांमध्ये, हृदयविकाराचे दुखणे पुस्तकात लिहिलेल्या कळेसारखे येत नाही. दम लागतो, मळमळते, अस्वस्थ वाटते. असा त्रास मराठी बोलणाऱ्या बायकांनाही नीट सांगता येत नाही. सीनाकाठ यांनी शब्द चुकीचा सांगितला असेलही, पण वय आणि मधुमेह या दोन गोष्टी डॉक्टरांना मराठीतच कळल्या होत्या. "सून बोलत नाही" हे ऐकल्यावर पुढचे सगळे आपण त्या चौकटीत बसवतो, हा आम्हा डॉक्टरांचा दोष आहे, आणि तो नातेवाइकाच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

तरीही भाषा शिकण्याची जबाबदारी आधी डॉक्टरांची आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, आणि त्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आहे. 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, चिनी भाषा बोलायला आणि वाचायला शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच वारले. त्यांचे शौर्य सर्वांना आठवते, पण त्यांनी आधी भाषा शिकून घेतली या गोष्टीकडे माझे लक्ष जास्त जाते. सोलापुरात नेमणूक झालेल्या निवासी डॉक्टरला दुखते, जळते, चक्कर येते, दम लागतो, केव्हापासून, कुठे, एवढे वीस-पंचवीस शब्द कन्नड आणि तेलुगूत शिकायला आठवडा पुरे होतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आहे, आणि तिच्यानुसार रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्याचा हक्कच आहे. स्टेंट की बायपास, या निर्णयाच्या संमतिपत्रावर मावशींचा अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगण्याची मागणी तुम्ही निःसंकोच करा. कोणी उपकार करत नाही.

---

सीनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी मावशीला पुन्हा घेऊन गेलो. परिचारिका ताईंनी सुचवल्याप्रमाणे या वेळी मी आत गेलो नाही. अक्कलकोटच्या माझ्या मावससासूबाई तिच्याबरोबर गेल्या. त्या वयाने तिच्याएवढ्याच आहेत आणि त्यांना दोन्ही भाषा सारख्याच येतात. आत अर्धा तास बोलणे झाले. रात्री आडवे झाल्यावर दम लागतो आणि म्हणून गेले दोन महिने ती भिंतीला टेकून झोपते, हे तिने आम्हाला कोणालाच सांगितले नव्हते. डॉक्टरांनी लगेच इको (हृदयाची सोनोग्राफी) काढायला सांगितला.

औषधांची पिशवी नेली होती. फिजिशियन साहेबांचा अंदाज बरोबर निघाला, दोन्ही पाकिटांत ग्लिमेपिराइडच होते. आता एकच सुरू आहे आणि वही केली आहे. वहीत औषधांची नावे इंग्रजीत आहेत, आणि कशासाठी, कधी घ्यायची हे मामेबहिणीने कन्नडमध्ये लिहिले आहे, म्हणजे मावशीला स्वतःला वाचता येईल.

योजनेच्या खिडकीवर माजी आरोग्यमित्रांनी सांगितलेल्या शब्दांत विचारले. त्यांनी संगणकावर पाहिले. मावशीच्या यजमानांच्या नावावर आयुष्मानची पात्रता निघाली, पण रेशन कार्डावर मावशीचे नाव वेगळ्या स्पेलिंगने आहे आणि आधारवर वेगळ्या. ते आधी दुरुस्त करावे लागेल आणि ते काम इंडीलाच होईल. उद्या सकाळच्या गाडीने मी तिकडे निघतो आहे. तालुका रुग्णालयाचे शिफारसपत्रही त्याच फेरीत घेईन. इंडीतल्या कोणत्या कार्यालयात ही दुरुस्ती लवकर होते, हे कोणाला माहीत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवावे.